व्याधीसह जगताना वजनाचा विचार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बोम्मसंद्रा, बंगळूरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



ज्या शाळेने मला अक्षरओळख दिली, तिच्या हीरक महोत्सवात बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे मनःपूर्वक आभार मानतो. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज साठी ओलांडून गेले आहेत. मधल्या तुकड्यांतले चाळिशी-पन्नाशीत आहेत. संसार, नोकरी आणि मुलांची शिक्षणे यांच्या ऐन धावपळीत आहेत. या वयात चार वर्गमित्र एकत्र जमले की बोलणे फार वेळ जुन्या गुरुजींवर राहत नाही. ते साखर, रक्तदाब, गुडघे आणि गोळ्या यांवर येऊन ठेपते. म्हणूनच आजचा विषय मी असा निवडला : मधुमेह, हृदयविकार यांसारखी दीर्घकालीन व्याधी सोबतीला असताना वजन कमी करणे म्हणजे नेमके काय करणे?

अशा मेळाव्यात आपण एकमेकांना भेटतो तेव्हा पहिले वाक्य बहुधा शरीराविषयीच असते. ‘अरे, किती सुटलास!’ किंवा ‘अगं, किती बारीक झालीस!’ पहिले वाक्य चेष्टेचे आणि दुसरे कौतुकाचे, असे आपण गृहीत धरतो. वैद्यकीय व्यवसायातील माणसाला मात्र या दोन्ही वाक्यांपाशी थांबावे लागते. सुटलेल्या माणसाचे वजन त्याच्या आळसामुळेच वाढले असेल असे नाही. ते त्याच्या औषधांनी वाढवलेले असू शकते. आणि बारीक झालेल्या माणसाने पथ्य पाळलेच असेल असे नाही. त्याला आजार आतून पोखरत असू शकतो. वजनाचा आकडा खाली आला ही नेहमीच चांगली बातमी नसते. काय उतरले, कशामुळे उतरले आणि कोणाच्या देखरेखीखाली उतरले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत : एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. दोघांचा आजार एकाच नावाचा, परंतु उपचार मात्र निराळे. बलवान रोग्याला शोधन, म्हणजे शरीरातील साठलेले बाहेर काढणारे उपचार. कृश रोग्याला बृंहण, म्हणजे पोषण करणारे. एका नावाखाली दोन आजार आहेत आणि एकाला हितकर ते दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, हे इतक्या पूर्वी ओळखले गेले होते. आज आपण ‘डायबेटिस आहे ना, मग वजन उतरव’ असे सरसकट सांगतो, तेव्हा हा विवेक हरवलेला असतो.

आपण ज्या बोम्मसंद्र्यात बसलो आहोत, ते ठिकाण या विषयाला फार साजेसे आहे. होसूर रस्त्यावरील हे एके काळचे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. २००० साली डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय येथेच आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हृदयरोगी येथे येतात. याच परिसरातील बायोकॉन कंपनीने २००४ साली ‘इन्सुजेन’ हे इन्शुलिन बाजारात आणले. यीस्टच्या एका जातीच्या पेशींकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्याचे ते तंत्र होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये नम्म मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि बोम्मसंद्रा तिचे अखेरचे स्थानक झाले. सकाळी या स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत कारखान्याच्या पाळीला निघालेले कामगार असतात आणि हाती तपासण्यांची फाईल घेतलेले रुग्णही असतात. कधी कधी तो एकच माणूस असतो.

इन्शुलिनचा इतिहास आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. इन्शुलिन सापडण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासमारीची चिकित्सा प्रचलित होती. मधुमेही मुलांना इतके कमी अन्न देत की साखर आटोक्यात राही, परंतु देहाचा सापळा होई. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम तीस किलोच्या आसपास होते. इन्शुलिनची पहिली खूण कोणती दिसली? मुलांचे वजन वाढू लागले. ज्या आजारात आज आपण वजन उतरवण्याचा आग्रह धरतो, त्याच्याच एका प्रकारात वजन वाढणे म्हणजे जीव परत येणे होते. त्या प्रकाराला आपण टाइप १ म्हणतो. प्रौढांमध्ये सर्रास आढळणारा प्रकार टाइप २ होय. माझे पुढील विवेचन मुख्यतः टाइप २ विषयी आहे; टाइप १ कडे शेवटी वळणार आहे, कारण त्याचा संबंध शाळेशी आहे.

आता वजनकाट्यावर नेमके काय मोजले जाते ते पाहू. काट्याला पाणी, चरबी आणि स्नायू यांतला भेद कळत नाही. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपाट्याने उतरतात आणि माणूस हरखून जातो. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की ते पाणीही जाते. त्यानंतर चरबी हळूहळू उतरू लागते, परंतु तिच्याबरोबर स्नायूही उतरतात. केवळ खाणे कमी करून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्त ऊतींचा असतो. धडधाकट तरुण ही झीज भरून काढतो. साठीतल्या मधुमेही गृहस्थांना, संधिवात असलेल्या भगिनींना ती भरून काढणे कठीण जाते. शिवाय रक्तातील साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्नायूच आहे. स्नायू गमावून वजन उतरवणे म्हणजे घराची डागडुजी करताना तुळया विकून टाकण्यासारखे आहे.

आपण भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे, आणि तो जगापुढे मांडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारी, पण चरबी राखून असणारी ही ठेवण आपण जन्मापासूनच घेऊन येतो. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे. देहाच्या दृष्टीने नव्हेत.

म्हणून भारतीयांसाठी मोजमापाच्या मर्यादा वेगळ्या ठरवल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५च्या पुढे गेला की वजन जास्त आणि ३०च्या पुढे गेला की लठ्ठपणा मानतात. आपल्याकडे हेच टप्पे २३ आणि २५ असे धरले जातात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६८ किलोच्या पुढे गेले की तो आपल्या हिशेबाने लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे असतो, मग आरशात तो कितीही मध्यम दिसो. त्याहून सोपे माप कमरेचे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शिंप्याची टेप धरावी. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत हा घेर असावा. व्याधी असलेल्या माणसाने काट्यापेक्षा या टेपेवर अधिक विश्वास ठेवावा. वजन तसूभरही न हलता कंबर दोन इंचांनी कमी झाली, तर तो खराखुरा लाभ आहे.

आता एक गोष्ट रुग्णांच्या बाजूने सांगितली पाहिजे. व्याधी असताना वजन उतरवणे हे निरोगी माणसापेक्षा खरोखरच कठीण असते. मधुमेहावरील काही औषधेच वजन वाढवतात. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दहा वर्षांच्या काळात इन्शुलिन घेणाऱ्यांचे वजन केवळ आहारावर भर दिलेल्या गटापेक्षा सरासरी चार किलोंनी अधिक वाढले. ग्लायबेनक्लामाइड घेणाऱ्यांचे १.७ किलोंनी. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, नैराश्यावरील काही औषधे, रक्तदाबावरील जुन्या पद्धतीची काही औषधे यांचाही कल वजन वाढवण्याकडे असतो. थायरॉइडची उणीव भरून काढली नाही तर शरीर मंदावते. गुडघा दुखतो म्हणून चालणे थांबते, चालणे थांबते म्हणून वजन वाढते आणि वजन वाढते म्हणून गुडघा अधिक दुखतो. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ एवढेच सांगणे हे अपुरे तर आहेच, अन्यायाचेही आहे. याचा अर्थ ही औषधे बंद करावीत असा मात्र मुळीच नाही. स्टेरॉइड एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते, आणि इन्शुलिन थांबवणेही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : ‘माझ्या गोळ्यांपैकी वजन वाढवणारी कोणती आहे आणि तिला पर्याय आहे का?’ हा प्रश्न विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. अनेकदा पर्याय असतो.

इतके कठीण असेल तर खटाटोप कशासाठी? कारण लाभ मोठा आहे, आणि तो मिळवण्यासाठी बारीक व्हावे लागत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात, साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांनी सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि व्यायाम यांनी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात म्हणावी तशी घट न होता. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणे वाया गेले असे समजू नये.

मधुमेह जडून फार काळ लोटला नसेल, तर याहूनही पुढे जाता येते. स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी ते एकूण ३६ टक्क्यांवर आले. याला व्याधी समूळ गेली असे म्हणत नाहीत. ती माघारली असे म्हणतात. वजन परतले की तीही परतते. आणि एक तपशील विसरू नये : त्या रुग्णांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी, वैद्यकीय देखरेखीखाली, थांबवली होती.

हा तपशील महत्त्वाचा का, ते सांगतो. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रसारातून दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. मधले चरणे थांबते, हा तिचा उघड फायदा आहे. परंतु जो मनुष्य सकाळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेतो, अथवा इन्शुलिन टोचतो, त्याने डोस तोच ठेवून न्याहारी सोडली तर दुपारपर्यंत साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि शेवटी बेशुद्धी. यंत्रापाशी उभ्या असलेल्या किंवा होसूर रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे काय घडवील, ते सांगायला नको. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर घालवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने कडक उपवास केला, तर रक्तात आम्ल साचण्याचा वेगळाच धोका असतो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही वजन उतरू लागल्यावर जास्त होतात आणि उठताना भोवळ येते. तेव्हा क्रम असा असावा : आधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे, मग पथ्य, आणि पथ्याच्या पहिल्या महिन्यात घरी साखर वरचेवर मोजणे. साखर ७०च्या खाली आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

पथ्याचा मुख्य प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. त्याच पाहणीचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपण सर्वांनी लक्षात ठेवावा : पांढरा तांदूळ सोडून तेवढ्याच प्रमाणात गहू किंवा भरड धान्य घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही, पिष्टमय पदार्थांचा काही वाटा कमी करून त्या जागी प्रथिने आणली, तेव्हा तो कमी दिसला. म्हणजे पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भाताऐवजी येथली रागी मुद्दे घेणे चांगलेच; परंतु भाकरी तीनच राहिल्या आणि मुद्दे तेवढीच मोठी राहिली तर हिशेब बदलत नाही. ताटातील भाकरी एकाने कमी करावी आणि त्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, ताक-दही, अंडे किंवा मासा यावा. कोशिंबीर आणि पालेभाजी आधी खावी, भात शेवटी. प्रथिने रोज किमान किलोमागे ०.८३ ग्रॅम इतकी हवीत, असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आणि उपवास करायचाच असेल तर तो उपवास असावा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू यांनी साजरी होणारी एकादशी दुप्पट खाशीच ठरते.

पाळीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. रात्रपाळीत जेवण मध्यरात्री होते, झोप दिवसा तुटक होते, आणि जागरणाने भूक वाढते. अशांनी ‘सकाळ-संध्याकाळ’ असे लिहिलेली औषधाची चिठ्ठी तशीच पाळू नये. आपल्या पाळीचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून गोळ्या जेवणाशी जुळवून घ्याव्यात. मुख्य जेवण पाळीपूर्वी घरी करावे. रात्री उपाहारगृहातील भात-सांबाराच्या दुसऱ्या वाढपाऐवजी उकडलेले चणे किंवा अंडी डब्यात न्यावीत.

व्यायामाविषयी थोडक्यात. चालणे सर्वांना ठाऊक आहे. स्नायू टिकवणारा व्यायाम मात्र राहून जातो. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, हे आठवड्यातून दोन-तीन दिवस केले तरी पुष्कळ साधते. हृदयविकार असलेल्यांनी, आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्यांनी, आधी तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

अलीकडे नव्या इंजेक्शनांविषयी प्रत्येक जण विचारतो. टिरझेपटाइड मार्च २०२५मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५मध्ये आपल्या देशात विक्रीस आले. ही औषधे खरोखर परिणामकारक आहेत. परंतु त्यांचे आकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने वाचावेत. सेमाग्लुटाइडने मधुमेह नसलेल्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. त्याच मात्रेने टाइप २ मधुमेह असलेल्यांचे ९.६ टक्क्यांनीच. म्हणजे व्याधी असलेल्या देहाकडून वजन हट्टाने धरून ठेवले जाते, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावाच होय. आपला निश्चय दुबळा म्हणून काटा हलत नाही, असे स्वतःला कोणी दोष देऊ नये. दुसरे असे की औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. तेव्हा हे चार महिन्यांचे औषध नव्हे. मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे खडे, कमी खाण्याने झिजणारे स्नायू, हे सारे ध्यानात घेऊन, व्याधीची गरज आहे म्हणून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावे. लग्नाच्या छायाचित्रांसाठी घेऊ नये.

आता हृदयरोग्यांविषयी, कारण त्यांच्या घरातील काट्याचे काम वेगळे आहे. हृदयाची क्षमता कमी झालेल्या रुग्णाने रोज सकाळी, लघवी करून आल्यावर आणि न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ती चरबी नसते. शरीरात साचलेले पाणी असते. धाप लागण्याआधी मिळालेली ती सूचना आहे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी. याउलट, अशा रुग्णाचे वजन महिनोन्महिने आपोआप घटत असेल, तर तेही चांगले लक्षण नाही. अशा वेळी वजन टिकवणे हाच उपचार असतो. चरकांचा कृश रोगी येथे आपल्याला पुन्हा भेटतो.

यावरून सर्वांसाठी एक नियम सांगतो. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन उतरले, म्हणजे सत्तर किलोंतून साडेतीन किलो, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. साखर अनियंत्रित असेल, थायरॉइड जास्त झाले असेल, क्षयरोग असेल, कर्करोग असेल, मन खचले असेल. मधुमेही माणसाला क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि उतरणारे वजन असेल, तर ‘पथ्याचा गुण आला’ असे म्हणत बसू नये. थुंकीची तपासणी करून घ्यावी.

पालकहो, या साऱ्याचा शेवट शाळेत व्हावा अशी माझी इच्छा आहे. लहान मुलांत होणाऱ्या टाइप १ मधुमेहाची एक महत्त्वाची खूण उतरणारे वजन ही असते. खाणे वाढलेले, तरी मूल वाळत चाललेले, सतत तहान, वर्ग चालू असताना वारंवार लघवीला जाण्याची परवानगी, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू. यांपैकी निम्म्या गोष्टी आईच्या आधी वर्गशिक्षकांच्या लक्षात येतात. अशा मुलाची साखर त्याच दिवशी तपासली पाहिजे. बोटातून एक थेंब रक्त पुरते. आठवडाभराचा उशीर मात्र मुलाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. निदान झालेले मूल शाळेत आले, तर त्याला तासाच्या मधे खाण्याची मुभा असावी, इन्शुलिनसाठी आडोशाची जागा असावी, आणि शिक्षकांच्या मेजाच्या खणात ग्लुकोजची पुडी असावी. तसेच ज्या मुलाचे वजन जास्त आहे त्याला वर्गात टोपणनाव पडू नये. टोपणनावाने कोणाचेही वजन उतरलेले मी पाहिलेले नाही. ते मूल खेळाच्या तासाला मैदानावर यायचे मात्र थांबते.

हीरक महोत्सवात शाळेला इमारतीसाठी, ग्रंथालयासाठी देणग्या मिळतीलच. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की साखर मोजण्याचे एक यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि शिक्षकांसाठी वर्षातून एक दिवसाचे प्रशिक्षण, एवढी भेट त्यात असावी. खर्च थोडा आहे. एका मुलाचा जीव वाचला तरी तो पुरेपूर वसूल झाला. आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गोळ्यांची यादी, कमरेचे माप आणि गेल्या वर्षभरातील वजन एका कागदावर लिहावे आणि पुढच्या तपासणीला तो कागद बरोबर न्यावा. शाळेने आपल्याला आकडे मांडायला शिकवले आहे. ते आपल्याच देहाच्या कामी यावेत.

 शाळेला शतक महोत्सवासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.